अजून थोडं थांब

— नाही साहेब, चेहरा नाही दिसला. काल हॉस्पिटलात तुमच्या हवालदारालेही मी हेच सांगितलं आणि आजही तेच सांगून राहिली. गमछे बांधले होते सगळ्यायनं तोंडाले — मग चेहरा कसा दिसन? तुम्हीच सांगा. बसा नं, उभे काहून? ती खुर्ची घ्या, ती झाडली आहे मी सकाळी. पण चप्पल-बूट काढू नका, काच अजून निघून राहिली कोपऱ्यातून, कितीही झाडा. छातीवरची पाटी वाचली तुमच्या, पेंढारकर, म्हणून मराठीत बोलते. नाही तर इथं रायपुरात जन्म गेला आपला, पोलीस दारात आला की तोंडातून हिंदीच निघते. वर्धेकडचे काय तुम्ही? — वाटलंच. माझं माहेर गोंदियाचं. इरावती रणपिसे, मिस्टर रेल्वेत होते, शरच्चंद्र रणपिसे, आता नाहीत, मी एकटीच राहते — हे सगळं लिहून झालं ना काल? मग परत काहून विचारता? हव, समजलं. काल गडबडीत होत्या तुम्ही, आज शांतपणे आठवून सांगा, असंच नं? आठवतेच आहे जी मी. कालपासून दुसरं काय करून राहिली?

वर्षाच्या शेवटची प्रार्थना असते आमची. दर वर्षी रात्रीच असते, वर्ष बदलते त्या टायमाले. पण यंदा चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, दुपारी करू, उजेड आहे तोवर लोक आपापल्या घरी पोचले पाहिजेत. आणि चर्चमध्ये सगळे एकत्र नको, घराघरांत वाटून घेऊ, थोडे थोडे. काहून? — नाताळाच्या आधी पोट्टे आले होते नं आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात. माझ्याही फाटकाशी आले. ये सब यहाँ नहीं चलेगा, आंटी. मी म्हटलं, काय नाही चालणार बाळा, ढोलक? आवाज होतो काय? ते हसले नाहीत. मले वाटलं होतं हसतील. एक जण नुसता वर पाहत होता, त्या चांदणीकडे — कागदाची चांदणी लावतो आम्ही नाताळात, आत बल्ब असतो. तेव्हाच मी पाळकसाहेबांले म्हणायले पाहिजे होतं की माझ्या घरी नको. पण कसं म्हणू? बाकीच्यांच्या घरी चालेल आणि माझ्याच घरी नको? आणि खरं सांगू, मले भीती वाटली नाही. माझ्या घराले कोण दगड मारन? सारा पारा मले ओळखतो. कोणाची पोट्टी बाळंत होते तर मी, कोणाले ताप आला तर मी. माझ्याकडची गुळाची खुरमी खाऊन मोठे झाले ते.

तर काल वऱ्हांड्यात सतरंज्या टाकल्या. बायाच जास्त, त्यायची पोरं, दोन म्हातारे. गाणी झाली. मग मले बोलायचं होतं. माझी पाळी होती. काय बोलली? — ते तुमच्या कामाचं नाही. — आहे? बरं. कोणाविरुद्ध काही बोलली नाही मी, ते पाहिजे असन तर लिहा. नवीन वर्ष लागताना आमच्याकडे एकच गोष्ट बोलतात, प्रभू परत येणार. कधी येणार ते कोणालेच माहीत नाही, म्हणून तयार राहा. आता तयार राहा म्हणजे काय? बॅग भरून बसा काय? मी माझ्या सासूबाईंचं सांगितलं. गोदावरीबाई त्यायचं नाव. त्या एकतीस तारखेले सगळ्या चादरी धुवायच्या, भांडी घासायच्या, आणि मग पदर खोचून निघायच्या — ज्याच्याज्याच्याशी बोलणं बंद असन त्याच्या घरी. नळावर भांडली ती बाई, मिस्टरांच्या ऑफिसातला तो माणूस, सगळ्यांकडे. दारात उभं राहून म्हणायच्या, माझं तुमच्याशी काही राहिलं आहे काय? असन तर आजच सांगा. मी नवी नवरी, मले हसू यायचं. मी विचारलं, आई, उद्या गेलं तर नाही चालणार? तर म्हणाल्या, तो आजच आला तर? माझ्या मनात राग असा बसून असताना तो आला, तर त्याले मी कुठं बसवू? — हे मी काल सांगत होती. बाया हसत होत्या. स्वरदा सगळ्यात जास्त हसली. तिची नणंद बाजूलाच बसली होती नं, आणि दोघींचं दिवाळीपासून बिनसलं आहे, सगळ्यांले माहीत.

आणि मग मोटरसायकली आल्या. आधी आवाज, मग घोषणा. मी बोलणं थांबवलं नाही. काहून नाही थांबवलं? मले वाटलं, जातील पुढं. मी आवाज थोडा चढवला फक्त. मग चांदणी फुटली. मग खिडकीवरचा प्रार्थनेचा बोर्ड. मग खिडकी. पोरं खिडकीच्या खालीच बसली होती, त्यायच्या अंगावर काचा, आणि स्वरदा उठली — कोणीच उठलं नव्हतं, मीही नाही — ती उठली आणि खिडकीचा पल्ला ओढायले गेली. तेवढ्यात तो दगड. इथं, भुवईच्या वर. ओरडली नाही ती. खाली बसली, जसं कोणी म्हटलं बस आणि ती बसली तशी. आणि बाहेर घोषणा थांबल्या, साहेब. त्यायलेही कळलं की काही तरी झालं. एक जण अजून फाटकाच्या आत होता, हात तसाच वर राहिलेला, डावा हात, आणि त्याचा गमछा —

काहून पाहता असं? हव, डावा म्हटलं मी. डावखुरे कमी आहेत काय रायपुरात? तुमच्या ठाण्यातच चार निघतील. डावा दिसला म्हणजे माणूस दिसला, असं थोडंच आहे. हात दिसला. लिहू नका ते. मले पक्कं नाही. गोंधळ होता, रक्त होतं, मी स्वरदाकडे पाहत होती. — नाही, गमछा काही नाही. गमछा होता, एवढंच म्हणत होती मी. चहा ठेवू? थंडी फार आहे नं यंदा. नको? बरं.

कशी आहे ती आता? तुम्ही तिकडूनच आले नं? टाके पडले ते माहीत आहे मले, मी होती तोवर. डोळ्याचं काय म्हणतात? — सूज उतरल्यावरच कळन. असंच मलेही सांगितलं. सव्वीस वर्षांची पोरगी आहे जी. समता कॉलनीत दवाखान्यात काम करते, सगळ्यांची इंजेक्शनं तीच देते, म्हातारे तिच्याच हातानं घेतात. एका डोळ्यानं सुई कशी टोचन? — नाही, मी रडत नाही. मी काल ऑटोत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ओढणी दाबून धरली होती. ती मले विचारत होती, काकू, तुम्ही समोर होत्या. तुम्हाले दिसला नं तो? आणि मी म्हटलं, नाही बेटा, नाही दिसला. तिनं ऐकलं आणि डोळे मिटले. विश्वास ठेवला तिनं. जिच्या तोंडून घटकाभर आधी ते सगळं ऐकलं होतं, मन स्वच्छ ठेवा आणि तयार राहा, ती बाई कशाले खोटं बोलन?

एक सांगू तुम्हाले? लिहायचं नाही हे. मी बोरकरांची पोरगी. आमच्या घरी गणपती बसायचा. शरच्चंद्रांशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, मनापासून घेतला, त्यात कोणाची जबरदस्ती नव्हती — हे पाहिजे तर लिहा. पण त्या पहिल्या वर्षी, एकतीस तारखेले, सासूबाई वाटाणे सोलत होत्या आणि मी विचारलं, आई, प्रभू आला की आपल्याले घेऊन जाईल, मग माझे बाबा? माझा भाऊ? ते कुठं राहतील? सासूबाईंजवळ सगळ्याचं उत्तर असायचं. त्या दिवशी त्या वाटाणेच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, तू मागत जा त्यांच्यासाठी. बस, एवढंच. तेव्हापासून दर वर्षी सगळे म्हणतात, ये प्रभू, लवकर ये. मीही म्हणते, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणते. आणि आतून मागते, अजून थोडं थांब. एवढं वर्ष नको. माझे लोक अजून यायचे आहेत. — हे मी पाळकसाहेबांले नाही सांगितलं कधी. मिस्टरांलेही नाही. आई-बाबा गेले, मग भावासाठी मागायची. भावाले हे माहीत असतं तर हसला असता, तो कशातच नसतो, श्यामराव, सरकारी नोकरी केली आणि समता कॉलनीत घर बांधलं. आणि मग पोट्ट्यासाठी. जास्त करून पोट्ट्यासाठीच. अभिनवसाठी.

भाचा. भावाचा मुलगा. त्याची आई बिछान्याले लागली तेव्हा पाच वर्षांचा होता, माझ्याकडेच राहिला तो, शाळाही इथलीच. मले मूल नाही, तुम्ही विचारलं नाही पण सांगते. आत्या, आत्या करत मागे फिरायचा. जेवायले बसला की डाव्या हातानं घास, मी चापट मारायची, तो उजव्यानं दोन घास घ्यायचा आणि माझी पाठ वळली की —

साहेब.

तुम्ही फार शांत बसता. पोलिसानं एवढं शांत बसू नये. ओरडला माणूस तर बरं वाटते, आपणही ओरडतो.

हव. तोच होता. गमछा खाली आला आणि तो अभिनव होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं माझ्याकडे. किती वेळ? — मले काय माहीत किती वेळ. पोरं रडत होती. मग त्याले कोणी तरी मागून ओढलं आणि ते गेले. भेदरलेला दिसत होता तो, साहेब. लहानपणी स्वप्न पाहून उठायचा तेव्हा जसा दिसायचा तसा. मले हाक मारायची होती. काय हाक मारू? ज्याच्यासाठी इतकी वर्षं मागितलं, तो आला होता माझ्या प्रार्थनेले. फाटक उघडून आत आला होता. हातात दगड घेऊन.

नका विचारू काहून केलं. मले कळलं असतं तर मी आधीच त्याचे पाय धरले असते. नव्या रायपुरात पार्सलं पोचवतो तो, दिवसभर त्या मोठ्या मोठ्या रस्त्यांवर, माणूस दिसत नाही तिथं. संध्याकाळी मग त्या पोट्ट्यायमध्ये बसतो. ते त्याले म्हणत असतील, तुझ्या घरची बाई नेली त्यायनं, तुझी आत्या. आणि त्याले वाटलं असन, हव, नेली. कोण जाणे. मागच्या वर्षापासून माझ्याकडे येणं कमी झालं होतं. मी फोन केला तर हिंदीत बोलायचा, बिजी हूँ आत्या. मी समजली, मोठा झाला.

भावाचा फोन आला सकाळी. सात वाजायचे होते. म्हणाला, इरा, नाव घेऊ नको. जिंदगी बरबाद होईल त्याची. तू तर क्षमा करणाऱ्यांतली आहेस नं? — मले राग आला, साहेब. भावाचा असा राग कधी आला नव्हता. मी म्हटलं, दगड मले लागला असता तर केली असती क्षमा. स्वरदाच्या कपाळाची क्षमा मी कशी करू? ते कपाळ माझं आहे काय? तर रडायले लागला. रिटायर झालेला माणूस, आईच्या वेळीही रडला नव्हता. मी फोन ठेवून दिला.

पण नाव घेणार नव्हतीच मी. हे पण खरं. तुम्ही आले तेव्हा माझं ठरलं होतं. चेहरा नाही दिसला, चेहरा नाही दिसला, पाठच केलं होतं चहा पिता पिता. आणि चर्चले जायचं होतं दहा वाजता, नवीन वर्षाची पहिली उपासना, पांढरी साडी काढून ठेवली आहे, ती पाहा. हे तोंड घेऊन जाणार होती. तिथं उभी राहून सगळ्यांबरोबर म्हणणार होती, ये. काल आख्ख्या वऱ्हांड्याले शिकवत होती मी, आणि आज तो आला असता, आत्ता, तुम्ही बसले त्या खुर्चीवर, तर माझ्या तोंडात काय सापडलं असतं त्याले? लोक समजतात, तयार नसणारे म्हणजे दारू पिणारे, चोऱ्या करणारे. मीही तेच समजायची. स्वतःच्या पोट्ट्यावरच्या मायेनं माणूस असा अडकून बसन, हे मले नव्हतं माहीत.

नाही, उठू नका. बसा. मी सांगते नं, सगळं सांगते, पण बसून ऐका. — समता कॉलनीत जाऊन उपयोग नाही. भावाकडे नाही तो.

हळू. जीपवाल्याले आवाज देऊ नका, तुमच्या पाया पडते.

इथं आहे. आत, त्या पडद्याच्या मागच्या खोलीत. सकाळी मागच्या दाराची कडी वाजली, मी पाणी तापवत होती. उघडलं तर हा. त्याच कपड्यांत. कुठं होता रातभर, मी विचारलं नाही. तोच बोलला, आत्या, मैंने बोर्ड पे मारा था. तीनदा तेच. बोर्ड पे मारा था. मी म्हटलं, लागला कोणाले ते माहीत आहे काय? एका पोरीले, म्हणाला. नाव माहीत आहे काय तिचं? नाही म्हणाला. मी नाव सांगितलं. मग मी त्याले आत घेतलं — काय करायचं होतं मी, सांगा? बाहेर उभं ठेवायचं होतं? लिहा हेही, इरावती रणपिसेनं आत घेतलं. चहा दिला, घेतला नाही. मी त्याले म्हटलं, मी तुले पकडून देणार नाही, पण खोटं बोलणंही जड जाऊन राहिलं, दोन्ही मिळून कसं करायचं ते मले येत नाही. आणि तेवढ्यात तुमची जीप वाजली.

तुम्हाले वाटलं असन, बाई मोठ्यानं काहून बोलते, कानानं कमी ऐकू येते काय हिले. मले चांगलं ऐकू येते. मी तुमच्यासाठी मोठ्यानं बोलत नव्हती.

थोडं थांबा, साहेब. तुम्ही आत जाऊन हाताले धरून आणाल, तर ते तुमचं काम झालं, तुम्ही चुकले असं कोणी म्हणणार नाही. पण मग जन्मभर तो म्हणन, आत्यानं पकडून दिलं. आणि तो स्वतः बाहेर आला तर — तर काय ते मले सांगता येत नाही. काही तरी वेगळं. एवढं तरी कोर्टात लिहाल नं तुम्ही, की स्वतः आला? लिहाल? — मान हलवू नका, तोंडानं सांगा, त्याले ऐकू जाऊ द्या.

ऐकलं. धन्यवाद.

अभी. ऐकलं नं तू? साहेब बसून आहेत. मी काही लपवलं नाही, बाळा, सगळं सांगून टाकलं. माझ्याच्यानं नाही झालं. तुले माझा राग आला असन तर येऊ दे. मी येईन तुझ्यासोबत ठाण्यात, वकिलाकडे, जिथं नेतील तिथं, फक्त आधी एका ठिकाणी जाऊन येते. बाहेर ये. कोणी मारणार नाही तुले.

— कडी वाजली. मागची. ऐकलं तुम्ही? मागचं दार आहे ते, गल्लीत निघते. नाही, बसा — बसा म्हटलं नं! — असू द्या, जाऊ द्या त्याले, जाईल कुठं — नाही, जाऊ नको म्हणते मी, देवा, अभी —

पाणी आहे ते. नळ. बाहेर नळ आहे मागं. तोंड धुऊन राहिला तो.

असं श्वास रोखून बसू नका, साहेब. तरुण आहात तुम्ही, तुमची आई असन घरी.

ये. — पडदा सोड हातातला. इकडे समोर ये. हे पेंढारकर साहेब. नमस्कार कर. — राहू दे, काही बोलू नको आत्ता, जे बोलायचं ते तिथं बोल, मराठीत, हिंदीत, पण जसं झालं तसं बोल. स्वेटर कुठं आहे? हे घे, शरच्चंद्रांचं आहे, बाह्या लांब होतील. घाल. माझ्याकडे पाहू नको असं, मी रडली तर सगळंच राहून जाईल.

बस झालं. न्या, साहेब. हाताले धरू नका, तो चालन. त्या पानठेल्यावरचे पोट्टे पाहतील, पाहू द्या. — नाही, मी नंतर येते ठाण्यात. चर्चलेही नंतर. मले आधी स्वरदाकडे जायचं आहे. तिची आई बसली असन बाजूला, तिच्यासमोरच सांगावं लागन, ऑटोत मी काय म्हटलं ते. ऐकून काय करन पोरगी, मले नाही माहीत. जा म्हणन तर उठून येईन. पण आज सांगीन, उद्यावर नाही टाकत.

निघा आता तुम्ही दोघं. मले कुलूप लावायचं आहे.